आबांनी आणलेलं पोतं
निरवांगी, मंगळवार, २१ जानेवारी १९९७

कोरड्या ओढ्यात कारखान्याच्या ट्रकनं टाकलेल्या पोत्यांतलं एक आज आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, घरी आणलं. आत जुन्या बॉयलरवरचं पांढरं, तंतूंचं अस्तर. जन्म मेंढरांत गेलेला माणूस; लोकर समजून उशीसाठी पिंजायला बसले. मी नर्स असून घरातच हे.

ॲस्बेस्टॉस आहे, धूळ छातीत बसली की निघत नाही, हे सांगून मी त्यावर पाणी मारलं, प्लॅस्टिकात बांधलं.

शेजारचे तात्या म्हणाले, "सिस्टर, ओढ्यातलं जाईल की वाऱ्यानं उडून."

उडून जाईल. आणि कुणाच्या छातीत बसेल?

उद्या ट्रक आणखी पोती टाकायला परत येणार. वाटेवर बैलगाडी आडवी लावणार आहे मी.

आबा म्हणाले, "गाडीत मी बसतो. लोकर वळखाय चुकलो. ट्रक वळखाय न्हाय चुकायचो."