निळ्या पाण्याची साक्ष

१४ जुलै २०२५

हॉलमध्ये तिसरी बादली लावली. पंख्याखाली एक, दिवाणाशेजारी एक, आणि आता पुस्तकांच्या कपाटापाशी. घर आहे की धोबीघाट!

स्वानंदचा पुण्याहून फोन. ‘आई, दरवर्षी तेच. पोळ्याला मी प्राचीला घेऊन येतोय, तिला आजीकडचा पोळा बघायचाय. तोवर गळती थांबली नाही, तर तू सामान बांधायचं आणि आमच्याबरोबर कायमचं यायचं. तुझी खोली तयार आहे.’

म्हटलं, आणि थांबली तर?

‘तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही.’

दे शब्द, म्हटलं. दिला. जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं इंग्रजी लघुलेखक होते मी. शब्द देणारी माणसं पुढे काय म्हणतात ते मला पाठ आहे. म्हणून इथे तारखेनिशी लिहून ठेवते. पोळा २२ ऑगस्टला.

म्हटलं, ती खोली व्हिडिओवर दाखव तरी. तर म्हणे नेटवर्क बरोबर नाही. इंजिनिअरच्या घरात!

१७ जुलै

हार्डवेअरच्या दुकानातून एक गृहस्थ आले. टाय लावून गच्चीवर चढले. पांढरा वॉटरप्रूफ रंग, दोन हात. ‘मॅडम, दहा वर्षं बघायला नको.’ भिंतीलगतच्या माझ्या गुलाबाच्या कुंड्या हलवायच्या म्हणाले. मी म्हटलं, कुंड्यांना हात लावायचा नाही, कडेकडेने मारा. मारला. गच्ची आता इस्पितळासारखी दिसते.

१९ जुलै

दहा वर्षं आज सकाळी संपली.

२१ जुलै

रामीबाई बादल्या रिकाम्या करता करता म्हणाली, ‘बाई, तिकडच्या बाईले विचारा ना, त्याहिच्या घरात गयते का म्हणून. स्लॅब तं एकच हाय.’

तिकडची बाई म्हणजे रजनी. आमची जोडघरं. मधली भिंत एक, वरचा स्लॅब एक, आणि पावसाचा पाइपही एकच, तो तिच्या बाजूला. नऊ वर्षं आमचा अबोला आहे. नऊ वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मी गच्चीवर कुरड्या घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, मोगऱ्यासारख्या. शेजारी तिनं मिरच्या वाळत टाकल्या. वावटळ आली आणि सगळं तिखट माझ्या कुरड्यांवर. क्षमा मागायची सोडून ही काय म्हणाली? ‘अगं, तिखट कुरड्या लोक आवडीनं खातात.’ आठ दिवसांत मी गच्चीच्या मधोमध कमरेइतकी भिंत घालून घेतली. आमचे हे तेव्हा होते. कमलाकर म्हणत राहिले, थोडं थांब. मी थांबणाऱ्यातली नाही.

तेव्हापासून जे काय बोलायचं ते रामीबाईमार्फत. ती दोन्ही घरी भांडी घासते. मी एक सांगते, ती तिकडे भलतंच गोड काहीतरी सांगते, असा माझा जुना संशय आहे.

रामीबाईला म्हटलं, तिच्याकडे गळत असतं तर तिनं एव्हाना कॉलनी डोक्यावर घेतली असती.

रामीबाईनं फरशी पुसली. बादली घेऊन गेली.

२ ऑगस्ट

शेवटी प्रेमसिंग मिस्त्रीला बोलावलं. ती भिंत त्यानंच बांधली होती. आता केस पांढरे झालेत, बोलणं तेवढंच मंद. गच्चीवर एक तास नुसता फिरला. चप्पल काढून. म्हणे तळपायाला कळतं.

‘बाई, पाणी जिथं पडते तिथून येत नाही. मुरते एकीकडे, गयते दुसरीकडे.’

गळते, म्हटलं.

‘तेच म्हून राह्यलो. गयते.’

मग म्हणाला, ‘भितीच्या बुडाले म्या पाण्यासाठी भोक ठिवलं होतं. खुलं हाय ना?’

अर्थात, म्हटलं. मी काय वेडी आहे?

तो कुंड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, स्लॅब मधातून बसला असंन. तपासायचं तर पाणी भरून बघा लागते.

४ ऑगस्ट

आज सकाळी दात घासताना सिस्टर बेनेडिक्टा आठवल्या! नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या, भूगोलाच्या. वाळूच्या ट्रेमध्ये निळी शाई ओतून नदी कुठून कुठे जाते ते दाखवायच्या. एकदा ट्रे त्यांच्याच पांढऱ्या झग्यावर उलटला, तर शांतपणे म्हणाल्या, मुलींनो, हा महापूर.

तर — पाण्याला रंग द्यायचा. गच्चीचे तीन भाग करायचे. एका भागात हळद, एकात कुंकू, भिंतीलगतच्या भागात कपड्यांची नीळ. खाली जो रंग पडेल तो आरोपी.

प्रेमसिंगला फोनवर सांगितलं. त्यानं सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, ‘चाळीस वर्सं काम करून राह्यलो बाई. हे मले काहून नाही सुचलं?’

दिवसभर मला कसं छान वाटत होतं!

९ ऑगस्ट

दोन दिवस उघाड. प्रेमसिंगनं मातीचे वीतभर बांध घातले. सकाळी आठला पाणी भरलं. वरून बघितलं तर रांगोळीच. पिवळं, लाल, निळं. मी हॉलमध्ये तीन बादल्यांना तीन पांढरे रुमाल लावून बसले. वही, पेन, घड्याळ.

दहा चाळीस — कपाटापाशी पहिला थेंब. निळा.

अकरा पाच — पंख्याखाली. निळा.

अकरा वीस — दिवाणाशेजारी. निळा. हळद-कुंकू निर्दोष.

आणि साडेअकराला रामीबाई धावत आली, हात पिठाचे. ‘बाई, तिकडं कणकीत निळं पडून राह्यलं! त्या बाई म्हणतात, हेमाले सांग, पोळ्या निळ्या झाल्या.’

म्हणजे तिकडेही गळत होतं! कधीपासून? रामीबाई पदराला हात पुसत राहिली. ‘तीन सालापासून. तुमाले सांगू नको म्हणे. म्हणे, तिले वाटंन मी भांडाले निमित्त शोधून राह्यली.’

तीन वर्षं ही बाई ओट्यावर पातेलं ठेवून स्वयंपाक करत होती आणि एक शब्द बोलली नाही. रजनी! जी रिक्षावाल्याशी कोपऱ्यापर्यंत भांडते!

वर गेले. प्रेमसिंगनं एव्हाना न विचारता कुंड्या सरकवल्या होत्या. निळं पाणी भिंतीपाशी तळ्यासारखं उभं. ‘हे पाहा. भोक बुजवेल हाय. पाणी जाईन कुठं? भितीखाली मुरलं, दोन्हीकडे उतरलं.’

माझं डोकं तापलं. पाइप तिच्या बाजूला. माझं पाणी तिकडे येऊ नये म्हणून तिनंच बुजवलं असणार. रामीबाईला म्हटलं, जा, आत्ताच्या आत्ता सांग तिला, काय बुजवून ठेवलंय ते येऊन काढ. रामीबाई हलेना. ‘हे म्या नाही सांगत. हे तुमी सांगा.’

सांगायची गरज पडली नाही. रजनी स्वतःच तिच्या जिन्यानं वर आली. नऊ वर्षांत इतक्या जवळून बघितलं नव्हतं. जाड भिंगाचा चष्मा लागलाय तिला. मी म्हटलं, ‘हे कुणी केलं?’ ती म्हणाली, ‘काढू दे त्याला. बघू.’

प्रेमसिंगनं छिन्नीनं सिमेंट फोडलं आणि आतून चिंधी ओढली. लांबच लांब. काळी पडलेली. रजनीनं ती त्याच्या हातातून घेतली, बादलीत खळबळली, आणि भिंतीवर माझ्यासमोर पसरली.

उशीचा अभ्रा. कोपऱ्यात फुलीच्या टाक्यानं भरलेलं इंग्रजी एच.

‘हा टाका यवतमाळात दुसऱ्या कुणाला येतो?’ रजनी म्हणाली.

मी खाली आले.

१० ऑगस्ट

आठवलं. त्याच उन्हाळ्यात. भोकातून तिच्या मिरचीच्या बिया इकडे येत होत्या. प्रेमसिंगचं उरलेलं सिमेंट होतं. मीच.

११ ऑगस्ट

काल दिवसभर वाक्य जुळवत होते. इंग्रजीत छान जमत होतं, पण रजनीला इंग्रजीत सांगणं म्हणजे वर चढून बोलणं. सकाळी गच्चीवर गेले. ती तुळशीला पाणी घालत होती.

म्हटलं, ‘रजनी, भोक मी बुजवलं होतं. तुझं छत माझ्यामुळे गळलं.’

ती म्हणाली, ‘हो. आणि कुरड्या माझ्यामुळे तिखट झाल्या. बस खाली, गुडघा दुखतो ना तुझा?’

कसं कळलं, विचारलं. ‘रामी सांगते सगळं.’

रामीबाईला दोन्हीकडून साक्ष दिल्याबद्दल शिक्षा व्हायला हवी. तिला माझी पिको केलेली नवी साडी दिली.

१४ ऑगस्ट

काम झालं. भोक आधीपेक्षा मोठं. भिंतीखालची चीर खोदून भरली, कोपऱ्याला गोलाई मारली, उतार पाइपाकडे नीट केला. प्रेमसिंगनं विचारलं, ‘भित पाडू का?’

आम्ही दोघींनी एकदमच म्हटलं, राहू दे. रजनी म्हणाली, ‘कप ठेवायला बरी आहे.’

कुंड्या जिन्यापाशी हलवल्या.

१८ ऑगस्ट

परवापासून धो धो. बादल्या मुद्दाम ठेवल्यात, पुरावा म्हणून. कोरड्या. मी आणि रजनी छत्र्या घेऊन वर गेलो आणि भोकातून पाणी जाताना बघत उभ्या राहिलो. या वयात काय करमणूक!

२१ ऑगस्ट

स्वानंद, प्राची आले. स्वानंदनं आल्या आल्या छत पाहिलं. स्टुलावर चढून हात लावून पाहिला. मी वही उघडून १४ जुलैचं पान वाचून दाखवलं.

‘जिंकलीस आई,’ म्हणाला. हसला, पण पोरगा थकलेला वाटला. सारखा छताकडेच बघत होता. विचारलं तर म्हणे, प्रवास.

२२ ऑगस्ट

पोळा. पुरणपोळ्या दोन्ही घरच्या, रजनीच्या ओट्यावर. त्यात निळी एकही नव्हती, हे तिनं तीनदा सांगितलं.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. प्राचीचा लाकडी बैल सजवत होतो. ती म्हणाली, ‘आजी, आमच्याकडची बादली पण काढशील? वरच्या काकूंच्या बाथरूमचं पाणी येतं. तुझ्या खोलीत. बाबा त्यांच्याशी बोलतच नाहीत. म्हणाले आजीला सांगू नको.’

बॅग काढली. आधी नीळ टाकली, मग साड्या.