पाहुणीने गॅस बंद केला

आप्पा, तुम्ही असतात तर एक गोष्ट तुम्हालाच विचारली असती. नाही आहात, म्हणून लिहितेय. परवा आपलं जयगडचं घर सोडलं. आत्याला सारखं दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून रत्नागिरीत फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढत असतानाच फोन वाजला. तुमच्या कारखान्यातला आंब्याचा पल्प घ्यायचा म्हणून जर्मनीहून एक बाई पुढल्या आठवड्यात येणार होती. तिचं मुंबईतलं काम लवकर आटपलं, म्हणून ती त्याच दिवशी रत्नागिरीत येऊन उतरली होती. माझं डोकंच चालेना. कराराचे कागद बॅगेत, आणि बॅग कुठल्या गोणीखाली ते देव जाणे. शेवटी तिला थेट नव्या घरीच बोलावलं. बसायला खुर्ची नव्हती. गादीच्या वळकटीवर बसली आणि पाण्याचा घोट घेण्याआधीच मुद्द्यावर आली. सगळा माल ती घेणार, दरवर्षी घेणार, पण डब्यावर नाव तिच्या कंपनीचं. तुमचं निघणार. मी मान हलवत इंग्रजीत म्हटलं, 'बघू, होईल.' तिला वाटलं, ठरलं.

ही सवय तुमचीच. मी शाळेत आहे, मुंबईचा एक दलाल आपल्याकडे जेवायला बसलाय, आई सोलकढी वाढतेय. यंदाची सगळी बाग मलाच द्या, म्हणतो. तुम्हाला तो माणूस मुळीच आवडत नाही हे मला ठाऊक असतं, आणि मी पटकन बोलून जाते, 'आप्पा तुम्हाला नाही देणार.' तुम्ही हसून त्याला 'बघू, बघू' म्हणालात. तो गेल्यावर मागच्या पडवीत मला उभं केलंत. 'पाव्हण्याला तोंडावर नाही म्हणतात काय गो? बघू म्हणायचं. काय ते तो समजतो.' आणि तो खरंच समजला, पुन्हा फिरकला नाही. ही बाई मात्र समजली नाही, पण तिला दोष कसा देऊ? मी हो म्हटलं की नाही, हे माझं मलाच कळत नव्हतं. नाही म्हणावं तर कारखान्यातल्या बायांना पुढच्या हंगामात काम कुठून देऊ, आणि हो म्हणावं तर तुमचं नाव माझ्याच हाताने खरवडायचं.

तेवढ्यात आत्याने नव्या ओट्यावर दूध ठेवलं. ते उतू जायची वाट बघत आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. दूध फुगून काठाला आलं आणि पाहुणी धावत पुढे झाली, तिने गॅस बंद केला. वर आमच्याकडे वळून हसली, केवढा अनर्थ टाळल्यासारखी. 'अगो, हिने गॅस बंद केलान की गो!' आत्या मटकन खाली बसली. 'नव्या घरात दूध उतू जाऊ दिलान नाही. आता काय करायचं?' तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं काही चुकलं का, पाहुणीने विचारलं. मी म्हटलं, छे छे, काही नाही, थँक्यू.

ती माझ्याकडे बघतच राहिली. 'तुमची आत्या रडतेय आणि तुम्ही माझे आभार मानताय. मघाशी नावाबद्दल हो म्हणालात, तेही असंच होतं का?'

आप्पा, इतका राग आला मला! तिचा, तुमचा, त्या दुधाचासुद्धा. त्या रागातच सगळं सांगून टाकलं. नव्या घरात दूध उतू जावं लागतं, भरभराट व्हावी म्हणून. आणि डब्यावरून नाव काढायला माझी तयारी नाही. पाहुणीला तोंडावर नाही म्हटलं. तिने वळून गॅस पुन्हा पेटवला. दूध उतू जाऊन ओटाभर पसरलं तेव्हा तिनेच टाळ्या वाजवल्या. आत्या डोळे पुसत म्हणाली, 'गुणाची आहे हो पोर.'

जाताना पाहुणी म्हणाली, मोठं नाव आमचंच राहील, त्याला इलाज नाही. पण खाली बारीक अक्षरात पल्प करणाऱ्याचं नाव छापू द्या, असं मी कंपनीला विचारून बघते. कुणाचं लिहू? सगळे माझ्याकडे बघत होते. मी तुमचं सांगितलं. आत्याने मला जवळ घेतलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. खोकी तशीच पडली आहेत, चहाची पावडर सापडत नाही, आणि मी बरोबर केलं की चूक, कळत नाही. तुम्ही गेल्यावर कढया मी तापवल्या, बाया मी सांभाळल्या. हे पत्र आत्याला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आता नाही दाखवणार. आप्पा, त्या बाईने विचारलं तेव्हा ओठांवर आधी माझं नाव आलं होतं.