बॅटरी उतरलेली नाही

९ मार्च, रविवार
सकाळी गाडी चालू झाली नाही. बटण दाबलं की टक् होतं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मान टाकतात. बॅटरी उतरली असं सोमेश्वरचं मत. सोमेश्वर म्हणजे माझा चुलत भाऊ. शेजारी राहतो आणि कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून माझ्या संसाराचं धावतं वर्णन करतो. शेती हा त्याचा जोडधंदा.
बॅटरी उतरलेली नाही. परदेशी गाडी आहे, आज रविवार आहे. तिकडे रविवारी कुणी काम करत नाही.
नोंद असावी: दोन दारं, दोन सीटा, रंग लाल. कुरुंद्यात अशी दुसरी नाही. हळदीला भाव होता त्या साली हैदराबादच्या एका बिल्डरकडून घेतली. पोट जमिनीपासून चार बोटं. गल्लीच्या तोंडाचा स्पीडब्रेकर त्याहून उंच, म्हणून बाहेर काढायची तर आधी फळ्या टाकाव्या लागतात. लोक हा गाडीचा दोष समजतात. मी स्पीडब्रेकरविरुद्ध अर्ज दिला आहे.
गाडी कमी चालवतो, कारण जपतो. फिरायला मोटरसायकल आहे.
संध्याकाळी नेहमीप्रमाणे खता-औषधांचं दुकान बंद करून गाडीत जाऊन बसलो. इंजिन बंद, गाणी चालू, पंखा चालू. रोजचा तासभर. पेट्रोल लागत नाही आणि दिवसभर शेतकऱ्यांना फवारणीचे सल्ले देऊन शिणलेलं डोकं शांत होतं. आज आवाज थोडा चिरकला. स्पीकर दाखवून घेणे.

१० मार्च, सोमवार
बायकोने, सरिताने, जेवताना विषय काढला. उद्यापासून हळद शिजवायला घेणार. अंगणात वाळली की शेडमध्ये ठेवायची, तेवढी गाडी काढा. मी म्हणालो, ठेव ना घरात, मागच्या साली ठेवली तशी. तिने ताटातला हात थांबवला. म्हणाली, मागच्या साली घरात मावली तेवढी ठेवली, बाकीची अंगणात भिजली. काळी पडलेली हळद मोंढ्यात व्यापाऱ्याला दाखवताना मान मी खाली घातली, तुमी न्हाई. यंदा भिजली तर पुन्हा हळद लावणार न्हाई. मग बसा दोघंही गाडीत.
शेड हळदीसाठीच बांधलं होतं हे खरं. पण गाडी आल्यावर शेडचा दर्जा वाढला, हे कुणी बोलत नाही.
शब्द दिला. हळद वाळायच्या आत गाडी बाहेर. स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या ताकदीनं.
सोमेश्वरने भिंतीवरून ऐकलंच. म्हणाला, दादा, आजून दिवे लागून राहिले तवर न्यूट्रल कर. चार पोरं बोलावतो, ढकलून काढू. मी त्याला समजावलं की ही ढकलायची वस्तू नव्हे. म्हणाला, काहून? चाकं न्हाईत का हिला?
अडाण्याशी वाद नको.
संध्याकाळी बॅटरीची चाचणी घेतली. गाणी, हेडलाइट, वायपर, पंखा, सगळं एकदम. थोडा वेळ उत्तम. मग सगळं गप. निष्कर्ष: बॅटरीत दम होता.

१२ मार्च
कंपनीचं पुस्तक उघडलं. जाड आहे, इंग्रजी आहे, बारीक आहे. कळलं ते असं: हँडब्रेक विजेवर चालतो. गिअरही विजेवर सुटतो. बॅटरीत काहीच नसेल तर चाकं जखडलेली राहतात. म्हणजे आता ढकलूनही निघणार नाही.
सोमेश्वरला मुद्दाम जाऊन सांगितलं. ही ढकलायची गाडी नाही, हे मी आधीच म्हणालो होतो. त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, ट्रॅक्टरची बॅटरी आणतो, वायर जोडून पाहू. मी साफ नकार दिला. शेणखत ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं रक्त मी माझ्या गाडीला चढवणार नाही.

१५ मार्च, शनिवार
वसमतहून देविदास मेस्तरी आला. ट्रॅक्टरपासून मोटरपंपापर्यंत सगळं बघतो, असं स्वतःच म्हणाला. बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. म्हणाला, मालक, कंपनीनं बॅटरीच दिली न्हाई.
मी बिल्डरला फोन लावून नको ते बोललो. बिल्डर म्हणाला, बॅटरी डिकीत असते.
डिकी बटणावर उघडते. बटण बॅटरीवर चालतं. बॅटरी डिकीत.
देविदासने डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. मागची काच फोडू, हात घालू. इतक्या सहजपणे बोलला, जणू नारळ फोडायचा आहे. त्याला चहासुद्धा न देता पाठवला.

१८ मार्च
परिस्थिती पूर्ण ताब्यात.
नवी बॅटरी हैदराबादला सांगितली. गाडीच्याच जातीची. पाडव्यापर्यंत येईल. पुस्तकात शेवटी शेवटी हेही सापडलं की डिकीला एक गुप्त किल्लीचं भोक आहे, नंबर प्लेटच्या मागे. प्लेट मी नांदेडहून खास करून घेतली होती. जाड, नक्षीची, चोरी होऊ नये म्हणून रिबीट मारून पक्की बसवलेली. रिबीट ड्रिलने काढावे लागतील. देविदासकडे ड्रिल आहे.
सरिता म्हणाली, मग उद्याच काढून घ्या की, डिकी तरी उघडून ठेवा. तिला नियोजन समजत नाही. बॅटरी येईल त्याच दिवशी देविदास येईल, एकाच फेरीत दोन्ही कामं. मेस्तरीला दोनदा बोलावणं म्हणजे भोंगळ कारभार.

२४ मार्च
अंगण पिवळं. गेटपासून शेडच्या तोंडापर्यंत हळदच हळद, पाय ठेवायला जागा नाही. सरिता आणि बाया पहाटेपासून फावड्यानं खालीवर करतात. म्हणजे आता गाडी चालू झाली तरी बाहेर निघू शकत नाही. दिरंगाई माझ्याकडून नाही, हे यातून स्पष्ट होतं.
संध्याकाळी गाडीत बसलो. चाचणीच्या दिवसापासून दार उघडंच राहिलंय, ते बरं झालं. गाणी नाहीत, पंखा नाही. मोबाइलवर लावली, पण मजा नाही. आई पार्वतीबाई काठी टेकत शेडपर्यंत आली, वाकून पाहिलं आणि सरिताला ओरडून विचारलं, लेकरू रुसलं काय गं? तितं काहून बसून राहिलं?
मी बावन्न वर्षांचा आहे.

३० मार्च, पाडवा
बॅटरी आली नाही. तिकडे सुट्टी असेल.
तरी सणाला गाडी धुतली, कापडानं पुसली, झेंडूची मोठी माळ बॉनेटवर घातली, नारळ फोडला. सोमेश्वरने भिंतीवरून फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत खाली भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली अशी रांग लागली. एकाने तर वय विचारलं.
ग्रुप सोडला. नंतर लक्षात आलं, दुकानाच्या जाहिराती त्याच ग्रुपवर असतात. पुन्हा घ्या म्हणून सोमेश्वरला सांगावं लागलं.
संकल्प: या वर्षात आठवड्यातून एकदा तरी गाडी चालवणार. वसमत, कळमनुरी, सेनगाव. लोकांना दिसली पाहिजे. फळ्या तयार ठेवणे.

२ एप्रिल, बुधवार
आली! ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उतरवली. देखणी, काळी, जड. घरात आणून पाटावर ठेवली. सरिता म्हणाली, ओवाळू का? मी हो म्हणणार होतो.
हळद वाळली. उद्या पोती भरायची. देविदास उद्या दुपारी ड्रिल घेऊन येतोय. म्हणजे उद्या दुपारी गाडी बाहेर, संध्याकाळी हळद आत. जसं ठरवलं तसंच, एक दिवसही इकडेतिकडे नाही. लोक उगाच घाबरवतात.

३ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळ, लाइट नाही.
हात दुखतोय, थोडक्यात लिहितो.
देविदास आला. पहिल्या रिबीटावर ड्रिल टेकवलं, घर्र झालं आणि लाइट गेली. आखाडा बाळापूरच्या बाजूनं आभाळ काळं झालं होतं, ते कुणी पाहिलं नव्हतं. वारं सुटलं. ताडपत्र्या उडून कंपाउंडला चिकटल्या. बाया अर्धी पोती भरून धावत होत्या, कुणी नुसतंच ओंजळीनं ओढत होतं. सोमेश्वर भिंतीवरून उडी मारून आला. त्या वयात उडी मारू नये, पण मारली.
शेडच्या तोंडाशी मी, माझ्या मागे गाडी. देविदासने हातोडी उचलली. मालक, बोला. काच फोडतो, बॅटरी घालतो, गाडी भायेर. सोमेश्वर म्हणाला, दादा, लवकर बोल.
मी हिशोब करत होतो. काच परदेशातून मागवावी लागेल. त्यात रंगीत काच आता मिळते की नाही. काच फोडली की तुकडे सीटवर जाणार. सीट चामड्याच्या.
मी बोलेपर्यंत सरिताने पाठीवर पोतं घेतलं होतं. माझ्याकडे आली, थांबली. ती अशा वेळी ओरडते. आज ओरडली नाही. हटा, एवढंच म्हणाली. मी हटलो. तिने पोतं बॉनेटवर टाकलं. धप्प. झेंडूची वाळलेली माळ खाली गेली. म्हणाली, ऱ्हाऊ द्या तुमची काच. मला कोरडी जागा पायजे फकत.
त्या क्षणी मी निर्णय घेतला की पोती गाडीवरच रचायची. हा निर्णय माझा होता, याची नोंद असावी.
देविदासने हातोडी ठेवली आणि पोती उचलायला लागला. मीही. बॉनेटवर, टपावर, डिकीवर, दोन्ही बाजूंनी. उघड्या दारातून सीटवरही. चामड्यावर. एकही बाई थांबली नाही, सोमेश्वर थांबला नाही. शेवटचं पोतं आत आलं आणि पत्र्यावर गारा सुरू झाल्या. असा आवाज, की बोललेलं ऐकू येईना.
सरिता थप्पीला टेकून बसली. हात कोपरापर्यंत पिवळे. मी जवळ जाऊन तिच्या कानात म्हणालो, पाहिलंस? गाडी कामाला आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. रडली असेल. दिवे नव्हते.

४ एप्रिल
आमचं एक हळकुंड भिजलं नाही.
गावात बऱ्याच जणांची भिजली. सोमेश्वरचीही. त्याची ताडपत्री उडाली तेव्हा तो आमच्या शेडमध्ये पोती रचत होता. सकाळी मी भिंतीकडे गेलो. तो चिखलातून हळद वेचत होता. तोच म्हणाला, दादा, तुझी गाडी लई लोड घेती बरं.
जोडधंद्याबद्दल मागे जे लिहिलं ते खोडत नाही. पण आज दुकान उघडलं नाही. त्याच्याकडे वेचायला गेलो.
गाडीचा टप थोडा बसला असावा. तळापर्यंत दिसत नाही. मुळातच लो-प्रोफाइल गाडी.

१२ एप्रिल
भाव चढायला लागला. मी म्हणालो, विकून टाकू, या आठवड्यातच. नवी बॅटरी नुसती पडून आहे, तिला वापर नसला की तीही उतरते. सरिता म्हणाली, चढता भाव सोडून विकायची घाई काहून? दिवाळीपर्यंत ठेवू. कोरडी हाय, जागा बराबर हाय, तकलीफ कुणाला हाय?
मी तकलीफ सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग शेडला कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.
विचार करून पाहता दिवाळी उत्तम. पावसाळ्यात असली गाडी बाहेर काढूच नये. दिवाळीला नव्या बॅटरीसह, नव्या रंगासह, थेट हिंगोलीपर्यंत. आताच नियोजन सुरू.

२० एप्रिल, रविवार
वसमतच्या मोंढ्यातून व्यापारी हळद बघायला आला. सरिताने कुलूप काढलं. विकायची नाही, नुसता भाव काढायचा, असं तिने मला आधीच बजावलं होतं. व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला, हळकुंड मोडलं, वास घेतला. खुश झाला. एवढ्या पावसात एवढी कोरडी कशी, म्हणाला. मग खाली वाकून थप्पीच्या बुडाशी पाहिलं. म्हणाला, खाली काय टाकलंय हो? भुईला टेकली असती तर ओल लागली असती.
आई दारात खाटेवर बसली होती. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, ओटा हाय. माह्या पोरानं घातला.
सरिता माझ्याकडे पाहायला लागली. सोमेश्वर भिंतीवर कोपरं टेकून.
मला सांगता आलं असतं. इंजिन, हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर किती सेकंदात. कोणत्या देशाची. किती जणांनी फोटो काढले. जिल्ह्यात दुसरी नाही.
व्यापारी म्हणाला, लई डोक्यानं काम केलं साहेब. असा ओटा समद्यांनी घालाया पायजे. मजबूत हाय ना?
मी म्हणालो, पक्का आहे. जागचा हलत नाही.