आत कोणी बघतंय का

बुधवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळ.

डोकं फिरवलं आज स्वातीनं. कॉलेजात फिजिक्स शिकते माझी लेक. म्हणे, सगळ्यात बारीक कण इथे की तिथे, हे मोजेपर्यंत ठरलेलंच नसतं. काहीजण म्हणतात, बघणाऱ्याच्या मनामुळे ठरतं. मी म्हटलं, मग मी पाठ फिरवली की वाडीतली केळी गायब?

हसली. "नाही गं आई, यंत्रानं मोजलं तरी ठरतं. मनाचं कोणी सिद्ध केलेलं नाही."

मग मन म्हणजे काय? तेही नीट ठाऊक नाही म्हणे. एवढी जाड पुस्तकं कशाला मग!

मला कण नकोत. मला सासूबाईंचं सांगा. झटका आल्यापासून चार महिने नुसत्या पडून आहेत, डोळे उघडे. आत कोणी बघतंय का?

न राहवून उन्हात वाळत घातलेल्या केळ्यांतलं एक सुकेळं त्यांच्या हातात दिलं. जन्मभर अंगठ्यानं दाबूनच त्या ठरवायच्या, सुकलं की नाही. अंगठा हलला. दाबलं, आणि बाजूला सारलं. अजून एक ऊन हवंच होतं त्याला.

"हाताची सवय असेल," स्वाती म्हणाली. असेल. पण सारलं का? चांगलं सुकलेलं देऊन बघायला हवं.

आणि "यांना काय कळतंय" असं त्यांच्या खाटेशी उभी राहून मीच किती वेळा बोलले! ते ऐकलं असेल तर?

आत्ता सासूबाईंना पेज भरवताना पहिल्यांदा विचारलं, "आई, मीठ बरोबर आहे का?"

पुढचा चमचा हातात धरून मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत थांबले.