रानातल्या जनावराचा छडा

३ नोव्हेंबर, सकाळ
घरामागच्या जंगलात आज हाडं सापडली. एक बरगडी, एक खूर, लोकरीचे पुंजके. निवृत्तीनंतर करायचं काय, हा प्रश्न सुटला. आयुष्यभर विमा कंपनीत अपघातांची चौकशी केली, ब्रेकच्या खुणा बघून कोण खोटं बोलतोय ते सांगायचो. आता या मेंढीला कुणी खाल्लं ते शोधून काढायचं. संकल्प: रोज फेरी, रोज नोंद, घाईघाईने निष्कर्ष नाही.
शोधाचं निम्मं श्रेय हवालदाराचं. हा आमच्या मुलाचा कुत्रा. मुलगा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा त्याला आमच्याकडे ठेवून गेला. आज हवालदार इकडेतिकडे न हुंगता मला सरळ त्या झुडपापाशी घेऊन गेला. असं नाक लाखात एखादं.

त्याच दिवशी, दुपार
निष्कर्ष: बिबट्या.

५ नोव्हेंबर
जंगलापलीकडे मेंढ्या पाळणाऱ्या एक मावशी आहेत. हवालदाराला घेऊन त्यांच्याकडे गेलो. आम्हाला बघताच मेंढ्या कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन एकमेकींत घुसल्या. बिबट्याची दहशत किती बसलीय ते दिसलंच. मावशी म्हणाल्या, बिबट्या कुठला भाऊ, कुत्रंच असणार. म्हटलं, मावशी, तुम्ही मेंढ्या सांभाळा, पुरावे आमच्यावर सोडा. त्या हवालदाराकडे बघत राहिल्या. तो माझ्या पायांमागे लपला. लाजाळू आहे.

८ नोव्हेंबर
हवालदाराने दुसरी जागा दाखवली. यावेळी माती उकरून दाखवली. ताजं होतं. मला उलटी आली, ती नोंदीत धरायचं कारण नाही.
फोटो जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, बिबट्या गळा धरतो. इथे मागच्या मांड्या फाडल्यात, हे कुत्र्याचं काम. वर हसून म्हणाले, तुमचा हवालदार सुखरूप आहे ना? डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांचं सगळं आयुष्य इंजेक्शनं देण्यात गेलं. घटनास्थळाचा अनुभव शून्य.

९ नोव्हेंबर, रविवार
मुलाचा फोन. नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न, हवालदार कसा आहे. मग त्याने काय खाल्लं, वजन किती, कान साफ केले का. पूर्वी आमचं बोलणं पाऊस-पाण्यावर संपायचं. हवालदार आल्यापासून अर्धा तास कसा जातो कळत नाही. आज मी तपासाची सगळी हकीकत सांगितली. तो चक्क हसला. म्हणाला, बाबा, तुम्ही दोघं धमाल करताय. दिवसभर बरं वाटत होतं.

१२ नोव्हेंबर
प्लास्टरमध्ये पंजाचा ठसा घेतला. उत्तम निघाला. नखं स्पष्ट. मांजराच्या जातीची नखं चालताना आत असतात असं पुस्तकात आहे, म्हणजे हा बिबट्या म्हातारा असून त्याची नखं आत जात नसावीत. तुलनेला काहीतरी हवं म्हणून हवालदाराचा पाय ठशावर ठेवला. चपखल बसला. म्हणजे हा ठसा त्याचाच, माझ्या पुढे धावत होता ना. पुरावा बाद. दिवस फुकट.
संकल्प: उद्यापासून त्याला घरी बांधून जायचं.

१३ नोव्हेंबर
बांधला नाही. कसा बघत होता ते मलाच माहीत. शिवाय त्याच्याशिवाय मला जंगलात काही सापडत नाही.

१५ नोव्हेंबर
बायकोच्या तक्रारी. हवालदार जेवत नाही. सकाळी त्याचं अंग ओलं असतं, पोटाला चिखल असतो. मागच्या दाराची कडी रोज रात्री कोण काढतं?
मी काढतो. दिवसभर चार भिंतींत असतो बिचारा, रात्री जरा पाय मोकळे करतो आणि पहाटे येऊन पायरीवर झोपतो. जेवत नाही, कारण जे बघितलं त्याचा त्याच्या मनावर परिणाम झालाय. माझ्याही झालाय. मीही दोन दिवस नीट जेवलो नाही. ही म्हणाली, तुम्हाला कळत नाही की कळून घ्यायचं नाही? स्वयंपाकघरात निघून गेली, माझं उत्तर ऐकायला थांबली नाही.

१७ नोव्हेंबर
हवालदाराच्या दातांत लोकर. माझा स्वेटर चावला असणार. स्वेटर काढून बघितला, धड होता. मफलरही धड. घरात लोकरीचं आणखी काहीतरी असेलच. संध्याकाळपर्यंत शोधलं.
झोप लागत नाही हल्ली.

१८ नोव्हेंबर
मावशींची आणखी दोन कोकरं गेली. आज त्या दारात आल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. म्हणाल्या, आता जंगलात मटणात विष घालून ठेवते, जे असेल ते मरेल. हवालदार वाटेत काहीही तोंडात घालतो.
मी हातापाया पडलो म्हटलं तरी चालेल. म्हटलं, पिंजरा लावू, जिवंत पकडू, सगळ्यांसमोर काय ते एकदाचं सिद्ध होऊ दे. वनरक्षकांना मीच फोन केला. मावशी म्हणाल्या, ठीक आहे, फक्त उद्याची रात्र. हवालदाराचा जीव वाचवला, एवढं तरी माझ्या नावावर लिहायला हरकत नाही.

१९ नोव्हेंबर
वनरक्षक पिंजरा घेऊन आले. जागा मी ठरवली. त्यांनी सहज विचारलं, घरचं कुत्रं रात्री आत असतं ना? म्हटलं, आजची रात्र पक्कं आत. बायकोने कडी स्वतः लावली, वर खुर्ची टेकवली.
मध्येच पाणी प्यायला उठलो. तो दारापाशी बसून बारीक आवाजात रडत होता. लघवीला लागली असेल. खुर्ची हळूच बाजूला केली. लगेच येईल.

२० नोव्हेंबर
पिंजऱ्यापाशी वनरक्षक, डॉक्टर, मावशी आणि बायको माझ्या आधी पोचले होते. लांबूनच मी विचारलं, बिबट्या केवढा आहे. वनरक्षक पिंजऱ्यासमोरून बाजूला झाले.
हवालदार मला बघून उभा राहिला. शेपटीच काय, सगळं अंग हलत होतं. इतका वेळ लावला यायला, असं काहीसं तोंडावर. मी म्हणालो, पिंजऱ्यातल्या मटणाच्या वासाने आत शिरला असेल, खरं जनावर त्यामुळेच निसटलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मावशी माझ्याशी भांडल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, शेवटच्या दोघांना आई नव्हती भाऊ, मी बाटलीने दूध पाजत होते. मला मान वर करता आली नाही.
डॉक्टर म्हणाले, एकदा चटक लागली की सुटत नाही, इथे ठेवू नका.

२२ नोव्हेंबर
वनरक्षकांच्या ओळखीच्या एका बाईंकडे हवालदार गेला. लांब आहे, उंच भिंत आहे, आसपास मेंढ्या नाहीत. गाडीत स्वतःहून चढला. त्याला वाटलं मीही येतोय.

२३ नोव्हेंबर, रविवार
मुलाचा फोन. हवालदार कसा आहे? मी बिबट्यापासून सुरुवात केली. नखं, म्हातारपण, पिंजऱ्याची जागा. त्याने मध्येच थांबवलं. विचारलं, बाबा, रात्री दार कोण उघडायचं?
मी, म्हणालो.
तो म्हणाला, आईला फोन द्या.
दिला.