सुलक्षणाबाईंच्या फुकट कामाविषयी

मु. पो. निंबळवाडी, यवतजवळ, ता. दौंड
मंगळवार

तीर्थस्वरूप जयसिंगदाजी यांना,

हौशीरामचा वाकून नमस्कार. तुम्ही, आक्का आणि गोठ्यातली मंडळी सुखरूप असाल असं धरून चालतो. आक्काच्या गुडघ्यांना त्या नव्या तेलाने उतार पडला का? (पडला नसेल तर ते तेल विकणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नका. मला तो माणूस पहिल्यापासूनच बरा वाटत नव्हता.) आम्ही इकडे सगळे ठीक. आता पत्र का, फोन का नाही, असं तुमच्या मनात येईल. तर तुमचा फोन चिरंजीव सत्यजीत उचलतो आणि त्याला तो स्पीकरवर टाकायची सवय आहे. मागच्या वेळी मी माझ्या मूळव्याधीचं सांगत होतो, तेव्हा मागे कुणीतरी 'अरेरे' म्हणालं, आणि तो आवाज ना तुमचा होता, ना आक्काचा.

मुद्द्यावर येतो. तुमच्या चुलत्यांच्या कन्या सौ. सुलक्षणाबाई आमच्या गावात नांदतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या गेले पंधरा दिवस तुमच्या केंदूरला माहेरी येऊन राहिल्यात. का आल्यात, याची एक बाजू त्यांनी तुम्हाला सांगितली असेल. (नसेल सांगितली तर तेही संशयास्पदच आहे.) दुसरी बाजू मी कळवतो.

आमचं वाचनालय तुम्ही पाहिलंय. ग्रामपंचायतीशेजारची एक खोली, चार हजार पुस्तकं, एक पंखा आणि मी. बावीस वर्षं मी इथं ग्रंथपाल आहे. रोज सकाळी चार म्हातारे येतात, त्यातले दोघे पेपर वाचतात आणि उरलेले दोघे त्या दोघांकडे बघतात. पंचायतीतली काही मंडळी दरवर्षी म्हणतात, की माणसंच येत नसतील तर खोली व्यायामशाळेला द्या. दरवर्षी मी त्यांच्यापुढे हजेरीचं रजिस्टर ठेवतो आणि दरवर्षी ते त्यातल्या चार सह्या मोजतात. अशा ठिकाणी जूनमध्ये सुलक्षणाबाई आल्या. अंगणवाडीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "हौशीरामभाऊ, मला कायतरी काम द्या. पगार नगं, निस्तं काम द्या." दाजी, बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आपल्या तालुक्यात फुकट फक्त सल्ला मिळतो, आणि तो देणाराही वर्षाच्या आत मत मागायला येतो.

मी सावध झालो. सगळ्यांत कंटाळवाणं काम त्यांना दिलं, फाटकी पुस्तकं चिकटवायचं. दोन दिवसांत पळतील असा अंदाज होता. त्यांनी घरून मैद्याची खळ शिजवून आणली आणि तीन आठवड्यांत दोनशे पुस्तकं ठाकठीक करून ठेवली. मग वाळवी लागलेलं मागचं कपाट दिलं. तेही झाडून, पुसून, कडुलिंबाचा पाला घालून मोकळ्या झाल्या. आणि एवढं करून चेहऱ्यावर उपकार केल्याचा मागमूस नाही. जो माणूस उपकार दाखवत नाही तो ते कुठंतरी साठवून ठेवत असणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढं त्यांनी शनिवार सुरू केला. सकाळची शाळा सुटली की अकरा वाजता पोरांना गोळा करून मोठ्याने गोष्टी वाचायच्या. पहिल्या शनिवारी पाच पोरं होती, दोन महिन्यांत चाळीस झाली. येताना पोरांसाठी शेंगदाणे आणि गूळ आणायच्या. (मतदारांच्या पोरांना, हे लक्षात घ्या.) मग बुधवारी दुपारी बायका यायला लागल्या. एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता शेंगा फोडायच्या. माझ्या वाचनालयात शेंगांची टरफलं! मी नियमावली काढून पुन्हा पुन्हा वाचली, पण टरफलांविषयी तिच्यात एक ओळ नाही. नियम करणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नसेल की इथं कधी बायका येतील.

रजिस्टर भरायला लागलं, हे मी नाकारत नाही. पण का भरतंय, हा प्रश्न मला झोपू देईना. येईल त्याचं नाव आणि आळी सुलक्षणाबाई एका निळ्या वहीत उतरवून घ्यायच्या. मी जवळ गेलो की वही बंद. त्यांचे यजमान जालिंदरराव त्यांना स्कूटरवरून सोडायचे आणि बाहेर लिंबाखाली तासन् तास बसून राहायचे. बोलायचे मात्र काही नाहीत. आपल्याकडे बाई सरपंच झाली की कारभार नवरा बघतो, हे तुम्ही आम्ही पाहतोच. मला तो मनुष्य तिथं बसून सराव करतोय असं वाटायला लागलं. त्यात आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचं सरपंचपद महिलेला राखीव झालं. आता सांगा दाजी, आणखी काय पुरावा पाहिजे होता?

तरी मी न्यायाने वागलो. विचार केला, की आपण जाळं टाकून बघू. वाचनालयाचा वर्धापनदिन तोंडावर आला होता. पंचायतीतल्या मंडळींनी खुर्च्या आणि माईक दिला होता, दीडशे माणूस येणार होतं. मी यवतला पप्पू फ्लेक्सवाल्याकडे गेलो आणि सुलक्षणाबाईंचा फ्लेक्स सांगितला. त्यावर लिहायला लावलं, 'वाचन चळवळीच्या आधारस्तंभ, आपल्या लाडक्या भावी सरपंच'. बेत साधा होता. फ्लेक्स बघून बाई मनातून खूश झाल्या तर चेहऱ्यावर दिसेल, आणि मग मी सर्वांसमक्ष त्यांना विचारणार, की बाई, कुठल्या पॅनेलमधून? फोटो मी बुधवारच्या बायकांच्या घोळक्यातला दिला. पप्पूकडे हात जोडलेल्या बाईचं एकच तयार धड होतं, हिरव्या काठापदराच्या साडीतलं, आणि तो तालुक्यातल्या सगळ्या बायकांना तेच लावतो. त्यावर त्याने सुलक्षणाबाईंचं डोकं बसवलं.

इथपर्यंत माझी काही चूक नाही. चूक पप्पूची. फ्लेक्स म्हटला की खाली शुभेच्छुक पाहिजेच, या सवयीने त्याने मला न विचारता खाली 'शुभेच्छुक : हौशीराम ग्रंथपाल व समस्त मित्रपरिवार' असं टाकलं. वर माझा फोटो. (कुठून मिळाला देव जाणे. मी गॉगल घातलाय त्यात. माझ्याकडे गॉगल नाही.) हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फ्लेक्स वाचनालयाच्या दारावर बांधून झाला होता आणि माणसं जमली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगवत नाही. सुलक्षणाबाई स्कूटरवरून उतरल्या, वर बघितलं, आणि म्हणाल्या, "ह्यो कुणी लावला?" दीडशे माणसांनी फ्लेक्सवरच्या गॉगलकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी त्यांचा चेहरा तपासला. आनंद नव्हता. तेवढ्यात आमच्या आळीच्या ताईबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "सरपंचबाई, आमच्या नळाला चार दिस पाणी न्हाई बगा." मागे आणखी सहा बायका नळाचं घेऊन उभ्या. कुणी हार आणला. मग सध्याच्या पॅनेलची माणसं उठली. आमच्या खुर्च्या, आमचा माईक, आन् आमच्याच इरुद्ध परचार व्हय, असं म्हणत त्यांनी पोरांच्या बुडाखालच्या खुर्च्या ओढून टेम्पोत भरल्या. पोरांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच खेळ आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला एकाने बाजूला घेऊन विचारलं, की हौशीरामभाऊ, तुम्ही कधीपासून फुटलात?

आणि जालिंदरराव बोलले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, "भाऊ, रिटायर झाल्यापास्नं हिला घरात करमत न्हवतं. जेवत न्हवती. हितं यायला लागली तवा कुठं माणसात आली. म्हून मी आणून सोडायचो. दुसरं काय न्हाई." एवढं बोलून त्यांनी स्कूटर सुरू केली. सुलक्षणाबाई मागे बसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या केंदूरला गेल्या.

तरीही दाजी, माणसाने सावध राहावं, या मतावर मी ठाम आहे. भावकीतले थोर म्हणून तुम्ही त्यांना समज द्या, की दुसऱ्याच्या संस्थेत असं विनाकारण काम करत जाऊ नये, लोकांचा गैरसमज होतो. एवढंच सांगण्यासाठी हे पत्र. आक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
हौशीराम

ता. क. : पंचायतीचा कागद आला आहे. महिनाभरात वाचक दिसले नाहीत तर खोली व्यायामशाळेला. या वेळी खरंच देतील असं दिसतंय, कारण डंबेल्स आधीच येऊन पडलेत, माझ्या टेबलाखाली.

ता. क. २ : मागच्या शनिवारी पोरं आली होती. तीस-पस्तीस असतील. मी म्हटलं, त्यात काय, वाचून दाखवू. बावीस वर्षं पुस्तकांत काढलीत. मी वाचायला लागलो, आणि वैष्णवी नावाची एक चिमुरडी मध्येच म्हणाली, "काका, तुमी गोष्ट वाचताय का रागावताय?" पानभर होईस्तोवर निम्मी गेली. बाकीची निम्मी पायरीवर जाऊन बसली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

ता. क. ३ : ती निळी वही गडबडीत इथंच राहिली. मी पुरावा म्हणून ताब्यात घेतली आणि वाचली. नावं आहेत, आळ्याही आहेत. पुढे लिहिलंय, ताईबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, मोठ्या टायपाचं शोधायचं. अमुक पोरगं बोलताना अडखळतं, त्याला पहिल्यांदा वाचायला लावायचं नाही. असं पानोपान आहे. मतांचं काही नाही. शेवटून तिसऱ्या पानावर माझं नाव आहे. 'हौशीरामभाऊ : एकटे असतात. दुपारचा डबा कपाटाकडे तोंड करून खातात. बुधवारी बायकांना जास्तीचं आणायला सांगायचं.' दाजी, बुधवारी बायका मला भाकरी-चटणी आग्रहाने द्यायच्या, तेव्हा मला वाटायचं, मी फितूर व्हावं म्हणून देतात. मी दर वेळी नको म्हणायचो. मला फार लाज वाटते.

ता. क. ४ : वर समज द्या म्हणून लिहिलंय ते देऊ नका. पाकीट जड लागलं असेल तर त्यात किल्ली आहे. वाचनालयाची. मी यवतहून दुसरी करून घेतली, आजवर कुणाला दिली नव्हती. ती सुलक्षणाताईंच्या हातात द्या. माझ्या वतीने काही बोलू नका, तुम्ही भलतंच बोलाल, मीच बोलायला पाहिजे आणि मला ते जमत नाही. त्यांना एवढंच सांगा, की येत्या शनिवारी हौशीराम मुद्दाम साडेअकराला येणार आहे. दार उघडं दिसलं तर तो गुपचूप आत येऊन पोरांच्या मागे मांडी घालून बसेल.