लवंगीची वाटी

४ मार्च
आज कुठे कामाला हात लागला. म्हणजे काय, तर ढीगभर लाळेरी धुवायची! अंगात सुया टोचून घेतल्या, दोन विमानं बदलली, तीन आठवड्यांसाठी परक्या देशात आले ती लाळेरी धुवायला. घरी मशीन आहे. त्याला मी हात लावलेला सुनेला खपत नाही.

या बालघराच्या मुख्य, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, बोलायला गोड. ‘तुमच्यासारखी अनुभवी माणसं आली की आम्हाला आधार वाटतो.’ आधार वाटतो आणि बादली हातात देतात.

५ मार्च
आज जेवणाच्या खोलीत मदतीला पाठवलं. कुणाचं हृदय अधू, कुणाचे पाय लुळे, कुणाला घरच्यांनीच दारात आणून ठेवलेलं. बघवत नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावर पाच वर्षांची एक मुलगी. नुसती काडी, पण नाकाचा शेंडा असा वर, की जणू आम्हीच तिच्याकडे मागायला आलोय. मी तिचं नाव ठेवलं – लवंगी. मनगटं आत मुडपलेली, बोटं वळत नाहीत. हाताला पट्ट्यानं चमचा बांधतात आणि पुढ्यात कुस्करलेल्या बटाट्याची वाटी ठेवतात. चमचा वाटीत जातो, वर येतो, गालाला लागतो, निम्मं फ्रॉकवर. आणि तिची आया समोर हाताची घडी घालून बसलेली. नुसती बघतेय! बाकीची मुलं झोपायला गेली तरी हिचं चाललेलंच. मी पुढे झाले तर आया म्हणाली, ‘नको. तिचं ती खाईल.’

आम्ही दोघी तिसऱ्याच भाषेत बोलतो, तीही मोडकीतोडकी. पण ‘नको’ कळायला भाषा लागत नाही. काळीज आहे की दगड या बाईला? दोन मिनिटांचं काम.

८ मार्च
टेकडीवरच्या शाळेच्या डॉक्टरीणबाई वीस तारखेला इथलं मूल निवडायला येणार आहेत. तिथे शिक्षण, हातापायांच्या शस्त्रक्रिया, सगळं होतं. मूल मोठं होईपर्यंत सांभाळतात. यंदा जागा एकच. आणि इथे सहा वर्षांपर्यंतच ठेवतात. लवंगीला जूनमध्ये सहा पूर्ण होतील. पुढे कुठे, म्हणून आयाला विचारलं. ‘सरकारी वॉर्ड. तिथे मोठी माणसंही असतात,’ म्हणाली आणि चादरी झटकायला लागली.

मोठ्या बाईंना विचारलं, डॉक्टरीणबाई काय बघतात? ‘मूल पुढे तयार होईल का, ते बघतात.’ म्हणजे तब्येतच की. दुसरं काय बघणार! हिच्या तर बरगड्या दिसतात. चार चमचे पोटात जायला अर्धी दुपार जाते, अंगाला काय लागणार?

९ मार्च
भरवलं.

आया वर औषधं द्यायला जाते तेवढ्यात. पट्टा सोडला, मांडीवर घेतलं आणि चिऊ-काऊच्या नावानं एकेक घास. मराठीत! तिला काय डोंबल कळणार. पण तोंड उघडलं, वाटी चाटूनपुसून संपली. किती दिवसांनी माझ्या हातून कुणी जेवलं.

घरी नातवाला असंच भरवायचे. सून म्हणाली, ‘आई, सात वर्षांचा झाला तो. त्याचं त्याला जेवू द्या.’ चिरंजीव मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेले. आणि पुढच्याच महिन्यात टूम निघाली – आईनं परदेशी सेवेला जावं, विरंगुळा होईल. विरंगुळा कुणाला, ते मला चांगलं कळतं.

१३ मार्च
रोज भरवते. गाल वर आलेत. मला बघितलं की लांबूनच आ करते, लबाड.

आयाला वास लागलाय. ‘वाटी इतक्या लवकर कशी रिकामी?’ भूक लागली असेल, म्हटलं. तिनं लवंगीचा फ्रॉक बघितला. स्वच्छ. ‘तुम्ही भरवता?’ नाही म्हटलं. खोटं बोलले तर बोलले. पोर माझ्याकडे बघून हसते म्हणून हिच्या अंगाचा तिळपापड होतोय, दुसरं काही नाही.

१५ मार्च
मुलाचा फोन. ‘काय आई, मजा येतेय ना?’ मजा! हो म्हटलं आणि ठेवला.

१७ मार्च
आता चमचा बांधला की लवंगी रडून खोली डोक्यावर घेते. आया माझ्यावर तिच्या भाषेत तावातावानं काहीतरी बोलली. मग मला कळावं म्हणून हळू, एकेक शब्द – ‘तुम्ही जाल. मी राहीन.’

मोठी आली राहणारी. राहायचा पगार मिळतो तिला.

२० मार्च
डॉक्टरीणबाई आल्या. सकाळीच लवंगीला न्हाऊ घातलं, नवा फ्रॉक चढवला. वजनकाटा मी स्वतः पुसून ठेवला होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या थेट जेवणाच्या खोलीत येऊन लवंगीसमोर बसल्या. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, ‘घाई नाही. सांडू दे सगळं. ही आपणहून हात उचलते का, एवढंच बघायचंय. मूल स्वतः धडपडत असेल तरच शस्त्रक्रियेनंतर हात चालतो.’

आयानं चमचा बांधला. लवंगीनं वाटीकडे पाहिलं. मग मान वळवून खोलीभर शोधलं. मी दारात उभी होते. माझ्याकडे बघून तिनं आ केला.

आया तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती, सांगतच राहिली. लवंगीचा हात मांडीवरून उठला नाही. मी तिथून निघून जायला हवं होतं. गेले नाही. सगळे थांबले होते, आणि ती माझ्याकडे तोंड उघडून बसली होती. रडत नव्हती. घास येणारच याची खात्री होती तिला.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाईंनी घड्याळ उचलून परत मनगटाला बांधलं.

नंतर मोठ्या बाईंनी मला सांगितलं. वर्षभर आया रोज तिच्यासमोर तशीच बसत होती. पहिले काही महिने तर चमचा वाटीतून वरही यायचा नाही. मी म्हटलं, मला कुणी सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, ‘आयानं नको म्हटलं होतं ना?’

२१ मार्च
जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

दुपारी आयानं वाटी आणून माझ्या हातात दिली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘स्वतः खात नाही, माझ्या हातूनही खात नाही. तुम्हीच भरवा आता, जूनपर्यंत.’

माझं विमान परवा आहे.